गाठ कशाची, हे आधी विचारा

‘पोटात गाठ आहे’ एवढे शब्द कानांवर पडले, की घरातल्या माणसांच्या तोंडचे पाणी पळते. गाठ म्हणजे कर्करोग, असे समीकरण आपण मनाशी पक्के करून ठेवले आहे. ते तपासून पाहण्याचे काम भौतिकशास्त्राच्या तासालाही करता येईल, असे मला वाटते.

एक उदाहरण घेऊ. गर्भाशयाची भिंत मुख्यतः स्नायूंची असते. तिच्यात फायब्रॉइड नावाच्या स्नायूंच्या गाठी पुष्कळ स्त्रियांना होतात. क्वचित मात्र तेथे चरबीची गाठ सापडते. निव्वळ चरबीची असेल तर ती लायपोमा. चरबीत स्नायू मिसळलेला असेल तर लायपोलायोमायोमा. या गाठी कर्करोगाच्या नसतात आणि बहुधा पाळी थांबलेल्या स्त्रियांत आढळतात.

हाताला लागते ती केवळ गाठ. ती कशाची, हे कसे ओळखावे? सोनोग्राफीत अशी गाठ पांढरी, उजळ दिसते. पण बीजांडकोशातील डरमॉइड गाठीतही चरबी असते आणि तीही उजळ दिसू शकते. तेव्हा गाठ नेमकी कोठून निघाली, हे आधी पाहावे लागते. मग सीटी स्कॅन. हाउन्सफील्ड यांच्या मापपट्टीवर पाणी 0, हवा उणे 1000, आणि चरबी उणे 100 च्या आसपास. चरबी पाण्याहून हलकी आणि तिच्यात ऑक्सिजनही कमी. म्हणून क्ष-किरण तिच्यात कमी अडतात. एमआरआय यंत्रात तर चरबीतील हायड्रोजनचा संकेत वेगळा ओळखून पुसून टाकता येतो. तसे करताच उजळ गाठ काळवंडली, तर ती चरबीची!

सीटी स्कॅनबद्दल 1979 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना. पहिले अभियंते, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टर दोघांपैकी एकही नव्हते. ‘मला डॉक्टर व्हायचंय, घनतेचा धडा कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शंका उरलीच, तर गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. पण निदान पक्के असेल आणि त्रास नसेल, तर अशा गाठीला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. एक अचूक मोजमाप एखाद्या आजीचे ऑपरेशन वाचवू शकते.

शिक्षकांना एक विनंती. ‘गर्भाशय’ हा शब्द वर्गात मोकळेपणाने उच्चारा. भीतीने आणि संकोचाने दुखणे लपवणाऱ्या स्त्रिया घरोघरी आहेत. त्यांना ‘चला, तपासून घेऊ’ असे म्हणणारी मुले आपल्याच वर्गांतून तयार व्हायची आहेत.