कुलाबा, १९६९ : वगळलेले पान

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा इतिहास समाजमाध्यमांवर एका ठरावीक क्रमाने सांगितला जातो. १९४५ची स्थापना, होमी भाभा, १९६२ साली नेहरूंच्या हस्ते झालेले कुलाब्याच्या वास्तूचे उद्घाटन, जानेवारी १९६६चा माँ ब्लाँवरील विमान अपघात. तेथून कथा थेट पोखरणला जाऊन उभी राहते. जणू मधल्या काळात कुलाब्यात कोणी विचारच केला नाही!

हा इतिहास नव्हे, ही पुतळ्यांची यादी आहे.

१९६९ साली याच संस्थेतून चंचल कुमार मजुमदार आणि त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी दीपन घोष यांनी ‘जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल फिजिक्स’मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. प्रश्न जुना होता. एका ओळीत मांडलेले सूक्ष्म चुंबक, म्हणजेच स्पिन, शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेस राहू पाहतात. अशा साखळीची न्यूनतम ऊर्जेची अवस्था कोणती? केवळ लगतचा शेजारी विचारात घेऊन हान्स बेथे यांनी १९३१मध्ये अचूक उकलीची वाट दाखवली होती. ती बरीच बिकट आहे.

मजुमदार-घोष यांनी शेजाऱ्याच्या पलीकडचा शेजारीही हिशेबात घेतला. येथे पेच पडतो. पहिल्याच्या विरुद्ध दुसरा, दुसऱ्याच्या विरुद्ध तिसरा. मग तिसरा पहिल्याच्याही विरुद्ध कसा राहणार? गुंता वाढायला हवा. परंतु पलीकडच्या संबंधाचे बळ लगतच्या संबंधाच्या नेमके निम्मे असेल, तर तो अनपेक्षितपणे सुटतो. स्पिन दोन-दोनांच्या जोड्या बांधतात, प्रत्येक जोडीचे एकूण स्पिन शून्य होते, आणि दर स्पिनमागे ऊर्जा येते लगतच्या बळाच्या उणे तीन-अष्टमांश. अंदाज नव्हे, अचूक उत्तर.

‘नेमके निम्मे बळ असलेला पदार्थ आहे कुठे?’ हा व्यवहारवाद्यांचा आवडता आक्षेप. तो वजनमापाच्या दगडाला ‘तुला खाता येते का?’ असे विचारण्यासारखा आहे. असंख्य स्पिनांची गणिते बहुधा अदमासानेच सोडवावी लागतात. तो अदमास खरा की खोटा, हे अचूक उत्तर ठाऊक असलेल्या बिंदूवरच पारखता येते. शिवाय निसर्गही अधूनमधून कागदाचे ऐकतो. श्रीराम शास्त्री व बिल सदरलँड यांनी १९८१मध्ये जोड्यांचीच अवस्था अचूक ठरेल असे द्विमितीय जाळीचे प्रतिमान मांडले. ते वर्णन स्ट्रॉन्शियम, तांबे, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगाला लागू पडते, हे जपानी संशोधकांनी दाखवले १९९९मध्ये. मध्ये अठरा वर्षे गेली.

दुसऱ्या टोकाला अन्यायाची हाकाटी करणारे आहेत : पाश्चात्त्यांनी हे दडवले म्हणे. कोणी दडवलेले नाही. चुंबकत्वावर काम करणारा जगातला अभ्यासक ‘मजुमदार-घोष प्रतिमान’ हे नाव ओळखतो, आणि त्यात विद्यार्थ्याचे नाव मार्गदर्शकाच्या जोडीने उभे आहे. विस्मरण घडले आहे ते घरात. घोष यांनी पुढे पवईच्या आयआयटीत अध्यापन केले, म्हणजे कुलाब्याहून लोकलच्या अंतरावर. आणि तरीही मुंबईच्या विज्ञानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांची गाडी अजून १९६६च्या बर्फातच अडकून आहे.