गिळलेला दात

सहा-सात वर्षांच्या मुलाचा हलणारा दात जेवताना पडतो आणि घासाबरोबर पोटात जातो. कौलांवर फेकावयास दात उरला नाही म्हणून मूल रडते. वडीलधारी माणसे निराळ्याच कारणाने घाबरतात. कोणी एरंडेल पाजतो, कोणी केळी खाऊ घालतो, कोणी घशात बोटे घालून ओकारी काढू पाहतो.

हे सारे अनाठायी आहे. दुधाचा दात पडण्यापूर्वी त्याचे बहुतेक मूळ विरून गेलेले असते; उरतो तो लहानसा शिरोभाग. तो जठरात पोचला, की पुढे अन्नाच्या सोबतीने जातो व काही दिवसांत शौचावाटे बाहेर पडतो. त्याला एरंडेलाची गरज नाही. ओकारी तर घातकच, कारण वर येणारा दात श्वासमार्गात शिरू शकतो.

तथापि ‘काही होत नाही’ हे नेहमीचे सांत्वनही अर्धेच खरे होय. गिळणे अवघड झाले, लाळ गळू लागली, तर दात अन्ननलिकेत अडकला असावा. त्याहून मोठे भय श्वासनलिकेचे. तिची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद व अधिक उभी असल्यामुळे आत शिरलेली वस्तू पुष्कळदा तिकडेच उतरते. प्रथम जोराचा ठसका लागतो. पुढे तो थांबतोही, आणि ही शांतता फसवी असते. नंतर छातीत घरघर होते, ताप येतो. त्याला दमा वा सर्दी समजून काढे देत बसण्यात मोलाचे दिवस जातात. वास्तविक १८९७ मध्येच जर्मनीत गुस्ताव किलियान यांनी तोंडावाटे ताठ नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासशाखेतील हाडाचा तुकडा बाहेर काढला होता. आज मोठ्या रुग्णालयांत अशी सोय असते. उणीव असते ती वेळीच शंका येण्याची.

मुलाचा श्वासच कोंडला, आवाज फुटेना, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोराचे तडाखे द्यावेत व त्याच वेळी मदत बोलवावी. अपघातात पक्का दात निखळला आणि कोठेच सापडला नाही, तर छातीचे क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. दात त्यात हाडासारखाच स्पष्ट दिसतो. मात्र एक दात सापडलेला नाही, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावयास हवे.