एक तरी संग्रहालय पाहा

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. कोणी महाबळेश्वर सुचवतो, कोणी समुद्रकिनारा, तर कोणी पाण्याच्या खेळांची बाग. ही ठिकाणे वाईट नाहीत. हसण्याखेळण्यालाही आयुष्यात जागा हवीच. पण वर्षातून निदान एक सहल आपल्याच भागातील वस्तुसंग्रहालयाची असावी, असे माझे मत आहे.

याचे पहिले कारण अगदी साधे आहे. लांबच्या सहलीचा खर्च सर्वांना झेपत नाही. त्यामुळे वर्गातील काही मुले घरी राहतात. रात्रीचा मुक्काम असेल, तर कित्येक मुलींना घरून परवानगी मिळत नाही. जवळच्या संग्रहालयाला मात्र एस.टी.ने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. ज्या सहलीला सगळा वर्ग जाऊ शकतो, तीच खरी वर्गाची सहल!

यावर काही जण विचारतील, "जुनी भांडी आणि मोडक्या मूर्ती पाहून काय मिळणार? त्यांची चित्रे पुस्तकात आहेत, मोबाइलवरही आहेत." प्रश्न योग्य आहे. पण चित्रात तोफ आणि नाणे एकाच मापाचे दिसू शकतात. वस्तू समोर आली, की तिचा आकार कळतो, झीज कळते, कारागिराच्या छिन्नीची खूण दिसते. शिवाय पुस्तक आपल्याला इतिहास सांगते. वस्तू त्या इतिहासाचा पुरावा असते. पुस्तक वाचणारा विश्वास ठेवतो. वस्तू पाहणारा स्वतः पडताळून पाहतो.

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचे उदाहरण घ्या. तेरणा नदीच्या काठी वसलेले हे आज एक साधे गाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मात्र ते 'तगर' या नावाने प्रसिद्ध होते. त्या काळी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने सागरी व्यापाराची माहिती लिहून ठेवली. तीत तगर नगराचा उल्लेख आहे. येथील कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई आणि तेथून जहाजांनी परदेशी जाई. तेरला हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीतील पाँपेई या शहराच्या अवशेषांत मिळाली आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे शहर कुठे आणि मराठवाड्यातील तेर कुठे!

तेरच्या या जुन्या वस्तू जपल्या त्या गावातीलच एका माणसाने. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. इतरांना जे मातीचे तुकडे वाटत होते, ते त्यांनी मोलाचे मानून गोळा केले. आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाची कथाही अशीच आहे. दिनकर केळकर यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याची आठवण म्हणून त्यांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि हजारो वस्तू गोळा केल्या. १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांनी केवळ राजांच्या तलवारी जमवल्या नाहीत. घराघरांतले दिवे, कुलपे, दौती, कोरीव दरवाजे, वाद्ये, पाय घासायच्या वज्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू त्यांनी जपल्या. तेथे तऱ्हेतऱ्हेचे अडकित्तेही आहेत. तुमच्या घरी दादी किंवा नानी ज्याला सरोता म्हणते, तोच हा अडकित्ता!

या वस्तू पाहताना एक विचार मनात येतो. तांब्यापितळेची अशीच किती भांडी त्या काळात मोडीत गेली असतील? किती कोरीव दरवाजे चुलीत जळले असतील? राजाची तलवार कोणीही जपून ठेवतो. गरिबाच्या घरचा दिवा जपणारा एखादाच असतो. असा माणूस नसता, तर सामान्य माणसे कशी जगत होती हे आपल्याला कधी कळलेच नसते. म्हणूनच लहान, स्थानिक संग्रहालये मला मोठ्या संग्रहालयांइतकीच महत्त्वाची वाटतात.

उर्दू माध्यमात शिकणाऱ्या मुलांना तर संग्रहालयात एक खास आनंद मिळू शकतो. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाण्यांचा अभ्यास करणारी एक संस्था १९८० पासून काम करते. तिचे नाण्यांचे संग्रहालयही आहे. इतर अनेक संग्रहालयांतही मोगलकालीन नाणी असतात. त्यांच्यावरील मजकूर फारसी भाषेत असतो. तो पाहून बरेच लोक पुढे निघून जातात. तुम्ही मात्र थांबा. अक्षरे तुमच्या ओळखीची आहेत. 'जर्ब' हा शब्द शोधा. त्याच्याजवळ टांकसाळीच्या गावाचे नाव सापडेल. कधी सुरत, कधी बुऱ्हाणपूर. 'जुलूस' हा शब्दही दिसेल. आज आपण मिरवणुकीला जुलूस म्हणतो. नाण्यावर मात्र त्याचा अर्थ राज्यारोहण असा आहे. बादशहाच्या राज्याचे कितवे वर्ष चालू होते, हे त्यावरून समजते. कधी ओळ अर्धीच दिसेल. छापाचा साचा नाण्यापेक्षा मोठा असे, म्हणून काही अक्षरे कडेला राहून जात.

आता मराठी कागद पाहा. पेशवेकाळातील पत्रे मोडी लिपीत आणि मराठी भाषेत आहेत. पण त्यांतील तारखांत मोहरम, सफर, रजब, रमजान हे महिने येतात. वर्षाचे आकडेही 'सलास', 'अर्बा', 'खमस' अशा अरबी शब्दांत लिहिलेले असतात. या भूमीत दोन्ही भाषा किती जवळ नांदत होत्या, हे यावरून दिसते. ज्याला उर्दू येते आणि जो मराठीही मनापासून शिकतो, त्याच्या हाती अशा दालनाच्या दोन किल्ल्या असतात. मराठीचा तास फक्त परीक्षेसाठी नाही, हे संग्रहालयात गेल्यावर पटते.

कोणाला इतिहासापेक्षा विज्ञान आवडत असेल. त्यांच्यासाठी मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आहे. ते १९८५ साली सुरू झाले. नागपूरला १९९२ पासून रामन विज्ञान केंद्र आहे. इतर संग्रहालयांत 'हात लावू नका' अशी पाटी असते. विज्ञान केंद्रात मात्र अनेक उपकरणे स्वतः चालवून पाहायची असतात. कप्पीने ओझे हलके का वाटते, आरशात प्रतिमा का बदलते, हे हातांनी करून पाहिले की ते विसरत नाही.

संग्रहालयांत काही उणिवाही आहेत, हे मान्य केले पाहिजे. काही ठिकाणी उजेड कमी असतो, पाट्या पुसट असतात. माहिती इतकी थोडी असते, की 'मूर्ती, दगड' यापलीकडे काही समजत नाही. पण म्हणून तेथे जाणेच सोडून दिले, तर ती दालने आणखी ओस पडतील. जेथे कोणी येत नाही, तेथे दिवे लावायला आणि पाट्या बदलायला कोण घाई करील? बहुतेक ठिकाणी अभिप्रायाची वही असते. तीत काय आवडले आणि काय हवे, ते नम्रपणे लिहा.

आपल्या पाहण्याच्या पद्धतीतही दोष आहे. रांगेने आत शिरायचे, अर्ध्या तासात दहा दालने फिरायची आणि बाहेर येऊन डबा खायचा, याला पाहणे म्हणत नाहीत. जाण्याआधी शाळेने फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारावा. प्रत्येक विद्यार्थ्याने फक्त तीन वस्तू निवडाव्यात. त्या कशाच्या आहेत, कोणी वापरल्या असतील, कशा बनवल्या असतील, हे वहीत लिहावे. चित्रही काढावे. परत आल्यावर वर्गाने उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत एक हस्तलिखित तयार करावे.

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्या बांधणीवर विजापूरच्या गोलघुमटाचा प्रभाव आहे. या संग्रहालयाने २०१५ साली एक फिरते संग्रहालय सुरू केले. बसमध्ये वस्तू मांडून ती गावोगावच्या शाळांपर्यंत नेण्याची ही कल्पना आहे. संग्रहालय जर आपल्या दारापर्यंत यायला तयार असेल, तर आपण त्याच्या दारापर्यंत जायला काय हरकत आहे?

मुलांनो, या वर्षी सहलीची चर्चा निघेल, तेव्हा वर्गात हात वर करा. आपल्या जिल्ह्यात कोणते संग्रहालय आहे, हे शिक्षकांना विचारा. आणि तोपर्यंत घरातली एखादी जुनी सुरई, पानदान किंवा आजोबांची दौत भंगारवाल्याकडे जात असेल, तर ती थांबवा. ती कोणाची होती, हे घरातील मोठ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. लामतुरे आणि केळकर यांच्या संग्रहांची सुरुवातही एका वस्तूपासूनच झाली होती.