वजन उचला, पण आधी सुट्टी द्या

जड वजन उचललं की फुटबॉलपटू मंद होतो, असं मलाही वाटायचं. नॉर्वेतल्या 17 अव्वल खेळाडूंचा 2004 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला आणि तो समज गेला. त्यांच्यात स्क्वॉटमध्ये जास्त वजन पेलणारेच वेगाने धावत होते, उंच उडी मारत होते. म्हणून हंगाम संपल्यावर जड व्यायाम हवाच, असं माझं मत आहे.

पण हंगाम संपतो कुठे? 2025 मध्ये चेल्सीचा संघ 13 जुलैला क्लब वर्ल्ड कपची फायनल खेळला आणि 17 ऑगस्टला प्रीमियर लीगसाठी पुन्हा मैदानात उतरला. पाच आठवड्यांत थकवा घालवायचा की ताकद कमवायची? मग मांडीचा स्नायू दुखावला की आपण खेळाडूलाच नाजूक म्हणतो. जाब वेळापत्रक आखणाऱ्यांना विचारायला हवा.