न आलेल्यांना बोलवा

प्रति,
महापौर, आयुक्त आणि ४८ प्रभागांचे नगरसेवक,
कुंभकोणम महानगरपालिका, जिल्हा तंजावर



या पत्राची तमिळ प्रत आपल्या आवक विभागात रीतसर दिली आहे. मराठीत ते छापायला दिलं, कारण २०२८ साली इथल्या महामहम मेळ्यात स्नानाला महाराष्ट्रातूनही माणसं येतील आणि आपण त्यांना काय सांगणार, कधी सांगणार, याच्याशी त्यांचाही संबंध आहे. शिवाय व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमाराला तंजावरची गादी घेतली, त्यांच्या मागोमाग कावेरीकाठी येऊन राहिलेली, घरात अजून मराठी बोलणारी कुटुंबं या गावात आहेत. त्यातलंच आमचं एक. लगेच सांगते, आम्हाला मराठी फलक नकोत. आम्ही तमिळ वाचतो, तमिळमध्येच भांडतो. शेजारच्या दारासुरमचे सौराष्ट्री विणकरही तेच करतात.

मागणं वेगळंच आहे. आपण जे देता ते आधी सांगा, आणि सांगून झाल्यावर कोण आलं नाही ते बघा.

आधी जमेची बाजू. १८६६ पासूनची ही नगरपालिका २०२१ मध्ये महापालिका झाली आणि दारासुरम तिच्यात आलं. २०११नंतर थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये नागरी निवडणुका झाल्या, आणि के. सरवणन हे रिक्षाचालक या शहराचे पहिले महापौर झाले. पुण्या-नाशिकच्या आमच्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसायला जरा वेळ लागतो. ऑगस्ट २०२१ पासून राज्याचे आरोग्यसेवक रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या घरपोच देतात. जुलै २०२५ मध्ये ‘उंगळुडन स्टालिन’ शिबिरं सुरू झाली, तेव्हा शहरांत १३ खात्यांच्या ४३ सेवा एका मांडवाखाली आणल्या गेल्या. तमिळनाडूत सरकार काही करत नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्याने दुसऱ्या राज्यातल्या कचेरीबाहेर एक सकाळ उभं राहावं.

पण अशा मांडवात कोण येतं? ज्याच्याकडे कागद तयार आहेत तो. ज्याचा भाचा फोनवर अर्ज भरून देतो तो. ज्याला पक्षाच्या माणसाने आदल्या रात्री निरोप दिला तो. संध्याकाळी अहवाल तयार होतो: आलेले अर्ज इतके, निकाली इतके, प्रलंबित इतके. निवृत्तिवेतन मिळू शकतं हेच ज्या विधवेला ठाऊक नाही, ती यातल्या कोणत्याच रकान्यात नसते. ती प्रलंबितसुद्धा नाही. तिच्यापुरता अहवाल शंभर टक्के यशस्वी आहे, कारण तिने अर्जच केलेला नाही.

यावरचा सर्वांत नेमका इलाज मला याच मुलखातल्या एका जुन्या पत्रात सापडला. १७९९च्या तहानंतर तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजीराजे दुसरे यांच्या हाती किल्ला आणि थोडंफार उरलं. त्या स्थितीत १८०१ साली त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना छत्रांबद्दल पत्र लिहिलं. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरची अन्नछत्रं आणि धर्मशाळा. ती चालू राहावीत म्हणून राजा कंपनीच्या अधिकाऱ्याला तिथे काय काय चालतं ते समजावून सांगतो आहे. ब्राह्मणापासून ज्यांना अस्पृश्य मानलं जाई त्यांच्यापर्यंत कोणत्याही जातीच्या वाटसरूला शिजवलेला भात. ज्याला शिजवलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा. चालवत नसेल त्याला बरं होईपर्यंत मुक्काम. वैद्य, त्यात विषारी दंशावर औषध जाणणारेही. परक्या मुलखातल्या वाटसरूंची पोरकी झालेली मुलं शिक्षकाच्या स्वाधीन, त्यांना तीन वेळा जेवण आणि चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणं. इतका बारीक तपशील आजच्या कुठल्या योजनेच्या माहितीपत्रकात मी वाचलेला नाही.

त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवत आणि पुकारा करत, की अजून कोणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं, त्याच्यासाठी अन्न ठेवलेलं आहे. किती पानं उठली हे मोजून छत्राचा दिवस संपत नसे. उपाशी कोणी राहिलं का, हे विचारल्यावर तो संपे. तंजावरच्या मराठी राज्याच्या खुणा म्हणून लोक सरस्वती महाल ग्रंथालय दाखवतात, मोठ्या देवळातला १८०३चा मराठी शिलालेख दाखवतात. मला विचाराल तर राज्यकारभाराचा धडा त्या घंटेत जास्त आहे. सगळं छान होतं असा माझा दावा नाही. याच छत्रांत चार वेदांना चार गुरू होते आणि ते कोणासाठी, हे सांगायला नको. पण न आलेल्याला शोधण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

तुम्ही म्हणाल, राजाची गोष्ट वेगळी. मग कायद्याचं बोलू. २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली कामं, योजना, लाभार्थी, खर्च हे सगळं कोणी न मागता प्रसृत करायचं आहे, तेही स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने. प्रसृत करणं म्हणजे काय तेही कायद्यातच आहे: सूचनाफलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमं, इंटरनेट. फलक पहिला, इंटरनेट शेवटी. आपल्याकडची कार्यालयं हा क्रम उलटा वाचतात. संकेतस्थळावर कुठेतरी एक पीडीएफ चढवली की माहिती दिली, असा समज रूढ झाला आहे.

जाहीर घोषणा म्हणजे मराठीतली दवंडी, तमिळमधली दंडोरा. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या मुख्य सचिवांनी ढोल बडवून दंडोरा देण्याची प्रथा बंद करायला सांगितलं, आणि ते योग्यच होतं. ढोल कोणाच्या गळ्यात असायचा आणि का असायचा, हे महाराष्ट्रातल्या वाचकांनाही समजावून सांगावं लागणार नाही. गाडीवर भोंगा लावून घोषणा करा, असा पर्याय त्या वेळी दिला होता. भोंगे आहेतच. मेट्टूर धरणातून जास्तीचं पाणी सुटलं की कोळ्ळिडम नदीच्या काठाने ते फिरतात आणि माणसं वाचतात. थकीत घरपट्टीसाठीही पालिका भोंगा लावतात. म्हणजे सरकारला ओरडून सांगता येतं. घ्यायचं असतं तेव्हा आवाज मोठा असतो, द्यायचं असतं तेव्हा काचेमागे टाचलेला कागद, अशी ही वाटणी आहे.

घरपट्टीचंच बघा. ती सहामाही असते आणि सहामाहीच्या पहिल्या तीस दिवसांत भरली तर पाच टक्के सूट मिळते. मोठ्या दुकानदाराच्या हिशेबनिसाला हे पाठ असतं. दारासुरमच्या विणकराला, ज्याची नगरपंचायत नुकतीच महापालिकेत विरघळली, ते कोणी दारात येऊन सांगितलं पाहिजे. सूट सर्वांना सारखी आणि बातमी काहींनाच, असं झालं की न कळलेला माणूस जाणत्यापेक्षा जास्त कर भरतो.

तेव्हा पहिलं काम स्वस्तातलं आहे. प्रत्येक प्रभागात, रेशन दुकानाच्या भिंतीवर एक फलक. देवळाच्या नको, तिथे सगळे जात नाहीत. फलकावर येत्या महिन्यात काय आहे तेवढंच लिहा: शिबिर कोणत्या तारखेला, कोणते कागद लागतील, मूळ प्रत की झेरॉक्स, पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, कोणता रस्ता किती रुपयांत कोणाला करायला दिला. कागदांची यादी पूर्ण असू द्या. एका दाखल्यासाठी परत पाठवलेली मजूर बाई त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. महाराष्ट्रात २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवा, मुदत आणि जबाबदार अधिकारी यांचा फलक लावणं कार्यालयांना बंधनकारक केलं. तो फलक अनेकदा कपाटामागे असतो, हेही सांगितलं पाहिजे. नक्कल करायची तर भिंत नीट निवडा.

फलक वाचता न येणाऱ्यांसाठी माणूसच लागतो. तो तुमच्याकडे आहे. गोळ्या द्यायला घरात शिरणारी आरोग्यसेविका, सकाळी कचरा न्यायला येणारा कामगार यांना कोणत्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे हे कुठल्याही संगणकापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांच्यावर आणखी एक बिनपगारी काम लादा असं मी म्हणत नाही. शिबिराच्या आदल्या आठवड्यात त्यांना विचारा, आणि त्या वेळेचे पैसे द्या.

दुसरं, क्षेत्रसभा. १ नोव्हेंबर २०२२ला राज्यातल्या शहरांत पहिल्यांदा त्या भरल्या. ग्रामसभेचं हे शहरी भावंड चांगलं आहे, पण त्याची तारीख शेजारच्या गल्लीला कळेपर्यंत सभा उठलेली असते. पंधरा दिवस आधी फलकावर तारीख, आणि मागच्या सभेत मागितलेल्यापैकी काय झालं, काय झालं नाही, याचा एक कागद. ‘झालं नाही’ लिहायला लाजू नका, लोकांना कारण कळलं की ते निम्मे शांत होतात. स्वतंत्र जिल्ह्याचा प्रश्न मात्र तुमच्या हातात नाही. मयिलाडुदुरै २०२०मध्ये जिल्हा झाला आणि कुंभकोणम अजून मागतंच आहे. सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणं न्यायचं तर ४० किलोमीटर तंजावर. त्यातली किती गाऱ्हाणी खरं तर महापालिकेचीच होती, हे सांगणारी एक खिडकी तुमच्या इमारतीत असती, तर बसभाडं वाचलं असतं.

आता महामहम. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ आणि इथे महामहम. ग्रह तोच, चक्रही तेच. नाशिकची मुख्य स्नानं २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आणि आपला मेळा २०२८मध्ये. दोन्ही गावांनी माणसं चेंगरलेली पाहिली आहेत. १८ फेब्रुवारी १९९२ला महामहम तळ्यावर सुमारे पन्नास जण गेले. २७ ऑगस्ट २००३ला नाशिकच्या रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौकाच्या गल्लीत ३९. गर्दी आवरायला पोलीस लागतात हे खरंच. पण जवळपास सहा एकरांच्या तळ्यात एकाच सकाळी सगळ्यांना उतरायचं असतं, त्यामागे माहितीचाही भाग आहे. उत्सव दहा दिवसांचा असतो. दूरवरून येणाऱ्याला तेवढं ठाऊक नसतं, त्याला शेवटच्या दिवसाचा मुहूर्त फक्त ठाऊक असतो. तळ्यातल्या वीस विहिरींचं पाणी आधीच्या दिवसांतही अंगावर घेता येतं, हे २०२७च्या दिवाळीपूर्वी पंढरपूरच्या एसटी स्थानकावर मराठीत, तिरुपतीला तेलुगूत, उडुपीला कन्नडमध्ये लागलं पाहिजे. इथे मात्र मी मराठी मागते, कारण तो माणूस तमिळ वाचत नाही. गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात येणारी वारकरी मंडळी हा निरोप फुकट घेऊन जातील. त्याआधी आपले दोन अधिकारी नाशिकला पाठवा. स्नानाच्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी. काय चुकलं ते त्या दिवशी कर्मचारी मोकळेपणाने बोलतात.

एक मागणी लिहिताना हात जड होतो, तरी लिहिते. १६ जुलै २००४ला या शहरातल्या शाळेत आग लागली आणि ९४ मुलं गेली. एकाच जागेत तीन शाळा, वर शाकारलेलं छप्पर. रोज मुलाला फाटकापर्यंत सोडणाऱ्या आईबापांपैकी इमारतीला परवानगी कशाची आहे आणि कोणी पाहणी केली, हे कोणाला वाचायला मिळत होतं? आज नियम कडक आहेत, दाखले आहेत, ते फाइलमध्ये आहेत. इमारत आणि अग्निसुरक्षेच्या दाखल्याची तारीख, पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि मुदत संपण्याचा दिवस प्रत्येक शाळेच्या फाटकावर, बाहेरच्या बाजूने, रंगवून लावा. ज्या शाळेकडे दाखला नाही तिच्या फाटकावर ‘नाही’ लिहा. संस्थाचालक तुमच्याकडे येऊन आरडाओरडा करतील. करू द्या.

याच गावात १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले. कुंभकोणमने बाहेरच्यांना कारभारी पुरवले आहेत. घरच्या कामाला एखादा उरला असेल असं धरून हे लिहिलं.

उत्तर मला पोस्टाने नको. पुढच्या क्षेत्रसभांमध्ये, प्रत्येक प्रभागात, वाचून दाखवा: वरच्यापैकी काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय करणार नाही.



आपली,
कुंभकोणमची एक करदाती