पुतण्या विचारतो, आजीसाठी गोळ्या आणू का?



इंदापूर तालुक्यातल्या एका वाचक ताईंचे पत्र दोन आठवडे माझ्या टेबलावर पडून आहे. उत्तराला उशीर झाला याची माफी असावी. विषयच असा होता, की आधी मला चार ठिकाणी विचारपूस करून तो समजून घ्यावा लागला.

ताई लिहितात, "आमच्या सासूबाईंचे गुडघे फार दुखतात. रात्र रात्र झोप नाही. माझ्या दिरांचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे, तो दिवाळीला येणार आहे. फोनवर म्हणाला, काकू, इथे हेम्पच्या गमी मिळतात, दुखणे विसरायला होते आणि झोप लागते, आजीसाठी एक डबी आणतो. कंपनी चांगली कोणती ते तेवढे नीट बघून घेतो. तर भाऊ, अशा गोळ्यांची चांगली कंपनी कशी ओळखायची? आणि आणू द्यावे का?"

ताई, तुम्ही प्रश्न दोन विचारलेत. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण दिवाळी जवळ आली आहे. आणू देऊ नका. आजच त्याला फोन करा. का ते पुढे सविस्तर सांगतो.

पण ही गमी म्हणजे आहे तरी काय? लहानपणी आपण जत्रेत जेलीच्या गोळ्या खायचो ना, लाल-हिरव्या, साखर लावलेल्या, तशीच ती दिसते. फरक एवढाच, की तिच्यात गांजाच्या झाडाचा अर्क घातलेला असतो. डबीवर 'हेम्प' असे लिहिलेले असते आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो याच शब्दाने. उसाआधी हिरवळीच्या खतासाठी आपण जो ताग पेरतो, त्यालाही इंग्रजीत 'सनहेम्प' म्हणतात. अंबाडीला 'डेक्कन हेम्प' म्हणतात. मग आपल्याला वाटते, तागाचेच काहीतरी असेल, त्याने काय होणार! या झाडांचे एकमेकांशी काही नाते नाही. गोळीतला हेम्प म्हणजे गांजा-भांगेचेच झाड. नशा आणणारे जे द्रव्य त्यात असते त्याला टी.एच.सी. म्हणतात.

अमेरिकेत २०१८ साली शेतीचा एक मोठा कायदा झाला. ज्या झाडाच्या वाळलेल्या वजनात टी.एच.सी. ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नाही, ते हेम्प आणि ते शेतात लावायला मोकळे, असे त्यात ठरले. उद्देश धाग्याचा आणि बियांचा होता. व्यापाऱ्यांनी मात्र त्यात फट शोधली. आपण जरा आकडेमोड करू. हजार मिलिग्रॅमचा एक ग्रॅम. चार ग्रॅमची एक गोळी म्हणजे चार हजार मिलिग्रॅम. त्याचे ०.३ टक्के काढा, बारा मिलिग्रॅम होतात. कॅलिफोर्निया किंवा कोलोरॅडो राज्यात परवान्याच्या दुकानात एका वेळच्या मात्रेची कमाल मर्यादा आहे १० मिलिग्रॅम, आणि तीही २१ वर्षांवरच्या माणसाला. म्हणजे कागदावर '०.३ टक्के' असे निरुपद्रवी दिसणारे हे प्रकरण एका गोळीत पुरती नशा आणू शकते. टक्का लहान दिसला म्हणून फसू नये. औषधाच्या फवाऱ्यात मिलिलिटरचा हिशेब चुकला की बागेचे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शेवटी तिकडच्या सरकारलाही हे उमगले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा कायदा झाला, अख्ख्या डबीत मिळून ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टी.एच.सी. नको असे त्यात ठरले आणि तो एका वर्षाने लागू करायचा असे झाले. जो माल तिकडेच वादात सापडला, तो आपण इकडे का आणायचा?

आता चांगली कंपनी कशी ओळखायची, तो प्रश्न. पुतण्या जिथे राहतो तिथल्या कायद्याप्रमाणे त्याने स्वतःसाठी काय घ्यावे हा त्याचा प्रश्न आहे. तो सज्ञान आहे. पण तो घेणारच असेल, तर पारख कशी करावी हे बारामती-इंदापूरच्या द्राक्षवाल्यांइतके चांगले कोण सांगणार?

आठवून पाहा. निर्यातीची द्राक्षे म्हटली, की आधी प्लॉटची नोंदणी, मग प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन सॅम्पल घेणार, मग रेसिड्यूचा रिपोर्ट. तो रिपोर्ट त्या प्लॉटचा, त्या तारखेचा. शेजाऱ्याच्या रिपोर्टवर आपला माल जात नाही. गोळीचेही तेच. डबीवर जो बॅच नंबर छापला असेल, तोच नंबर रिपोर्टवर पाहिजे. हल्ली डबीवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शिक्का असतो, मोबाईल धरला की रिपोर्ट उघडतो. उघडला म्हणून खूश होऊ नये. दोन वर्षांपूर्वीचा, भलत्याच बॅचचा कागद तिथे चिकटवलेला असू शकतो. प्रयोगशाळा विकणाऱ्याच्या घरचीच आहे की वेगळी, तेही बघावे.

आणि त्याहून महत्त्वाचे, रिपोर्टात तपासले काय काय आहे? द्राक्षवाल्या मंडळींना २०१० साल आठवत असेल. आपले कंटेनर युरोपात अडकले. कारण निघाले लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट. आपल्याकडचे रिपोर्ट तर पास होते! पण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते रसायनच नव्हते, मग सापडणार कसे? त्या वर्षी किती घरांची झोप उडाली होती. म्हणून 'पास' हा शब्द वाचून थांबायचे नाही, यादी वाचायची. गांजाचे झाड जमिनीतले शिसे, कॅडमियम असले जड धातू ओढून घेते, तेव्हा ते तपासलेले हवे. कीटकनाशके, बुरशी आणि अर्क काढायला वापरलेल्या द्रावकाचा अंश तपासलेला हवा. एका गोळीत किती मिलिग्रॅम, हे डबीवर आणि रिपोर्टात जुळायला हवे. 'डेल्टा-८' असे काही लिहिले असेल, तर ते बहुधा झाडातून सरळ आलेले नसते, कारखान्यात रसायन घालून बनवलेले असते, हेही त्याने ध्यानात घ्यावे. आणि 'संधिवात बरा होतो, साखर उतरते' असे जो लिहितो, त्याची डबी तिथेच ठेवून द्यावी.

इतके सगळे त्याने पाहिले, उत्तमातली उत्तम डबी निवडली, तरी ती त्याच्या पिशवीत मुंबईला उतरली की गुन्हा होतो. आपल्याकडे अंमली पदार्थांचा कायदा १९८५ सालचा आहे. त्यात झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, डिंक म्हणजे चरस, आणि यांचे कुठलेही मिश्रण बंद. टी.एच.सी. हे द्रव्यही त्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. तिकडच्या दुकानाची पावती इथे चालत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मिश्रणात अंमली द्रव्य किती ते वेगळे काढायचे नाही, सगळ्या मिश्रणाचे वजन धरायचे. म्हणजे गोळीतले बारा मिलिग्रॅम नव्हे, साखरेसकट सगळी गोळी तराजूत. थायलंडहून येणाऱ्या प्रवाशांकडे गांजा सापडल्याच्या मुंबई विमानतळाच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. आपला पोरगा नोकरीचा, परदेशी व्हिसावर राहणारा. आजीच्या प्रेमापोटी आणलेल्या डबीने त्याच्या आयुष्याचे काय होईल, याचा विचार करा. पोस्टाने किंवा कुरियरने मागवणे हाही तसाच मार्ग आहे.

कुणी म्हणेल, मग भांग कशी चालते? महाशिवरात्रीला, होळीला लोक घेतातच की. त्याचे असे आहे, की केंद्राच्या कायद्यात नुसते पान आणि बी गांजात धरलेले नाही, फुलोरा सोबत नसला तर. म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, परवान्याशिवाय ती जवळ बाळगता येत नाही. आणि ज्यांच्या मनात उसाच्या आत चार झाडे लावायचा विचार येतो त्यांच्यासाठी सांगतो, झाड लावल्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत आहे. २०२१ साली शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याने शेतमालाला भाव नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगीच मागितली होती. त्याचे दुखणे खरे होते, पण वाट ती नव्हे.

आता कायदेशीर म्हणून जे आपल्या बाजारात मिळते, त्याचे दोन प्रकार आहेत. एक, भांगेच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियांत टी.एच.सी. किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणजे नशा नाही. जवस, तिळासारखे पौष्टिक आहे, पण गुडघ्यावर ते औषध नव्हे. त्याच्या पाकिटावर पानाचे चित्र किंवा नशेची सूचना छापायला मनाई आहे. तेव्हा खाद्यपदार्थ म्हणून विकलेल्या पाकिटावर हिरवे पान दिसले, की समजा, काहीतरी काळेबेरे आहे.

दुसरा प्रकार आयुर्वेदिक औषधाचा. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, जातीफलादी चूर्णासारख्या जुन्या औषधांत ती असते. पण औषधांच्या नियमांत तिची गणना विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. म्हणून अशा औषधावर उत्पादनाचा परवाना नंबर, बॅच, तारीख, कोणते द्रव्य किती, बनवणाऱ्याचा पत्ता आणि 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' अशी सावधानतेची ओळ इंग्रजी-हिंदीत छापणे बंधनकारक आहे. ती ओळ नसेल, तर डबी परत करा. आणि ओळ असेल, तर तिचा अर्थ पाळा. वैद्याने नाडी पाहिली, चालू असलेली औषधे विचारली आणि मग लिहून दिले तरच. मोबाईलवर जाहिरात पाहून मागवायचे हे औषध नव्हे.

म्हातारपणी हे का सांभाळावे, ते सांगतो. पोटातून गेलेले टी.एच.सी. चिलमीसारखे लगेच चढत नाही. अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. माणसाला वाटते, काहीच झाले नाही, म्हणून दुसरी गोळी तोंडात टाकतो. मग दोन्ही मिळून चढतात आणि सात-आठ तास उतरत नाहीत. छाती धडधडते, उठताना भोवळ येते. रात्री लघवीला उठलेली सत्तरीची बाई अंगणात पडली आणि खुबा मोडला, तर गुडघा बरा होता असे म्हणायची पाळी येते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल, तर तिचा जोर वाढतो. झोपेची गोळी चालू असेल, तर तिच्यात भर पडते. रात्रीच्या लाईटीवर दारे धरायला जाणाऱ्याने किंवा उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याला निघणाऱ्याने तर असल्या वाटेला जाऊच नये.

आणि घरातली पोरे! जेलीची गोळी दिसली की ती एक खाऊन थांबत नाहीत. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजाचे असे खाद्य चुकून खाल्ल्याच्या तक्रारी विषबाधा केंद्रांकडे २०१७ साली २०७ होत्या, २०२१ साली ३,०५४ झाल्या. मूल गुंगीत जाते, श्वास मंदावतो. कुणाच्या घरी असे झालेच, तर मीठ-पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नका. डबी बरोबर घ्या आणि तडक दवाखाना गाठा. भीतीपोटी डॉक्टरांपासून काही लपवू नका.

ताई, राहिला सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच आहे. पत्रात तुम्ही पाच वर्षे दुखते असे लिहिले आहे, पण फोटो काढल्याचे कुठे लिहिलेले नाही. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. झीज किती आहे ते कळू द्या. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे साधे व्यायाम असतात, बाजेवर बसून पाय सरळ उचलून धरायचा, तेवढ्यानेही पुष्कळांना उतार पडतो. चुलीपुढे उकिडवे बसणे बंद करून ओटा उंच करा. संडासात खुर्चीची सोय करा. झोपेचे म्हणाल, तर संध्याकाळी पाचनंतर चहा बंद करून पाहा. आमच्याकडे आठ वाजता शेवटचा कप होत असे आणि मग बारा वाजेपर्यंत आढ्याकडे बघणे!

पुतण्याला मात्र नुसते "नको" म्हणून फोन ठेवू नका. पोरगा मायेने विचारतो आहे. त्याला सांगा, आजीच्या पायाचे माप पाठवते, मऊ तळव्याचे, न घसरणारे बूट आण. नऊवारीखाली बूट म्हणून त्या आधी हसतील, पण चार दिवसांत घालू लागतील. आणि डॉक्टरांनी फोटो पाहून काय सांगितले, ते मला जरूर कळवा.