कालवा आला, चारी कुठाय?

आई पडली ती गोठ्यात. पहाटे धार काढायला गेली, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि खुबा मोडला. वय पंचाहत्तर. बारामतीला नेलं. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, गोळा बदलला, घरचा पैसा फारसा लागला नाही. आम्ही खूश. आठव्या दिवशी कार्ड हातात देऊन घरी सोडलं. कार्डावर इंग्रजीत व्यायाम लिहिला होता. तो कसा करायचा, वॉकर किती उंचीचा घ्यायचा, बसताना पाय कसा ठेवायचा, हे कुणी करून दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मग सुरू झाली माया. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचा आणि बजावायचा, "म्हातारीला उठवू नगा. हाड बसू द्या." आईला दुखायचं, तीही म्हणायची, "ऱ्हाऊ दे रं, उद्या बघू." दीड महिना असाच उद्यावर गेला. मांड्या काटकुळ्या झाल्या, माकडहाडापाशी जखम झाली. फोटो काढला तर डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन उत्तम झालंय." ते उत्तम ऑपरेशन घेऊन आई दोन वर्षं खाटेवर होती आणि खाटेवरच गेली.

"वय झालं हुतं," गाव म्हणालं. मला ते पटत नाही. आईला खाटेनं नेलं, आणि ती खाट आम्हीच टाकली होती.

पण सगळं पाप घरच्यांच्या माथी मारून सरकारला मोकळं होता येणार नाही. आम्ही कऱ्हाटीची जिरायती माणसं. नुसता कालवा काढून रान भिजत नाही, चारी बांधापर्यंत यावी लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हाताऱ्यांच्या इलाजाचं तेच झालंय. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. हा झाला कालवा. पण खुब्याच्या पेशंटाला पाय टाकायला महिनोन् महिने शिकावं लागतं, आणि ते शिकवणारा माणूस वस्तीपर्यंत येत नाही.

कागदावर तोही आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 सालचा. त्यात ग्रामीण रुग्णालयात पुनर्वसन कार्यकर्ता आहे, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघणं आहे. उपकेंद्रांच्या पाटीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' लिहिलंय. त्यांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची काळजी मोडते. आईच्या दोन वर्षांत त्यातलं कुणी आमच्या उंबऱ्याशी आलं नाही. ब्रिटनमध्ये खुबा मोडलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंट अंथरुणातून उठला का, हेसुद्धा त्यात लिहितात. आपल्याकडं कार्ड हातात दिलं की हिशेब मिटला.

"सरकारनं करायचं तरी किती?" असं विचारणारे भेटतात. त्यांनी जरा हिशेब मांडावा. ऑपरेशनला हजारो रुपये घातले आणि माणूस उठलाच नाही, तर ते पैसे कुठं गेले? शिवाय त्याच्यापायी घरातली एक सून खुरपणीच्या रोजाला मुकते, ते कुणाच्या खात्यात धरायचं?

पुढल्या वर्षी चुलते पडले. तोच खुबा, तसंच ऑपरेशन. या वेळी डॉक्टरांना विचारून आम्ही दुसऱ्याच दिवशी त्यांना उभं केलं. ते शिव्या घालत उठले. फिजिओथेरपीवाला पोरगा सहा खेपा घरी आला, खेपेला 500 रुपये. काठी टेकत का होईना, नाना आज पारावर जाऊन बसतात. त्यांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 मिळतात, म्हणजे तीन खेपांचे पैसे. आम्ही घातले म्हणून ते चालले. ज्याला घालणारं कुणी नाही, त्यानं खाटच धरायची का?

मागणं मोठं नाही. घरच्यांनी दवाखान्यातच माणसाला उठवून, चालवून दाखवल्याशिवाय सुट्टी देऊ नये. नंतर दीड-दोन महिने आठवड्याला एक खेप योजनेच्या खर्चातच धरावी. आशाताईंना हे शिकवावं आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत, फुकट ओझं टाकू नये.

आणि आपण भेटायला जाऊ तेव्हा बिस्किटाचा पुडा राहू द्यावा. डॉक्टरांनी पाय टेकायला मनाई केली नसेल, तर म्हाताऱ्याला हात द्यावा आणि म्हणावं, "उठा, दारापतूर जाऊन येऊ." माझ्या आईला हे कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही.